लाल पानांचा चीक

पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता सुरू होतो. या परिसरात निवृत्तीनंतर स्थायिक झालेली पुष्कळ ज्येष्ठ मंडळी माझ्याकडे तपासणीस येतात आणि रक्तदाबाइतकीच चर्चा कुंड्यांचीही होते. लाल पानांचे झुडूप तर बहुतेकांना हवे असते.

मात्र ‘लाल पानांचे झाड’ म्हणून दोन अगदी भिन्न झुडपे घरी येऊ शकतात. एक अकॅलिफा, त्याची पाने तांबूस, ठिपकेदार आणि कडांना दातेरी. दुसरे युफोर्बिया कोटिनिफोलिया. पाने गर्द जांभळट लाल, कडा सरळ, देठ लांब आणि बहुधा एकाच पेऱ्यावर तीन पाने. देखणेपणात दुसरे सरस, हे मान्यच. बोन्सायसाठीही त्यालाच पसंती मिळते. परंतु त्याचे पान खुडताच पांढरा चीक येतो. गावाकडे शेराचे कुंपण पाहिलेल्यांना अधिक सांगणे नको. हे झुडूप त्या शेराचेच भाऊबंद आहे.

हा चीक डोळ्यात गेल्यास प्रथम केवळ चुरचुरते. पुढील काही तासांत वेदना वाढते, डोळा लाल होतो, दृष्टी अंधूक होते. म्हणून ‘सकाळी पाहू’ म्हणू नये. तत्काळ वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब घरात असतात. ते मनाने घालू नयेत. त्यांत स्टिरॉइड असू शकते. दूध, गुलाबपाणी, मध यांचाही मोह टाळावा. एकाच डोळ्याने दिसत असेल, तर हे झुडूप घरी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोन्साय आधीच घरी असेल, तर छाटणी चष्मा व रबरी हातमोजे घालूनच करावी. कापलेल्या जागी पाण्याचा फवारा मारावा. नंतर हात साबणाने धुवावेत. तोवर घाम पुसायलाही चेहऱ्याला हात लावू नये. नातवंडे लहान असतील, तर कुंडी त्यांच्या हाताबाहेर असावी. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटलीतले पाणी रोज ओतून द्यावे, कारण डेंग्यूचे डास तेथेच वाढतात.

नव्याने लावणाऱ्यांनी अकॅलिफा निवडावा. त्याला पांढरा चीक नसतो. पावसाळ्यात त्याची फांदी खोचली तरी सहज रुजते. रोज चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा द्यावी. सावलीत त्याची लाली उतरून पाने हिरवट होतात. कुंडी मात्र कंबरेच्या उंचीवर, कट्ट्यावर ठेवावी, म्हणजे पाणी घालताना वाकावे लागत नाही.