मोठा टॅब रोज सोबत नेता येईल का?

मुंब्र्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची लेक फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रोज लोकलने दक्षिण मुंबईत कॉलेजला जाते. पुस्तके जाड, त्यात मास्तर मंडळी नोट्स पीडीएफ करून पाठवतात. त्या छापून घ्यायच्या तर झेरॉक्सचा खर्च, आणि मोबाइलवर वाचायच्या तर डोळ्यांवर ताण. मुलीचे अब्बू दुबईला असतात, डिसेंबरच्या सुट्टीत येताना ते टॅब आणणार आहेत. मुलीला हवा आहे १३ इंची. अम्मी म्हणतात, "एवढा मोठा ताट घेऊन ही गाडीत चढणार कशी? आणि चढली तरी रोज नेईल का?" अब्बूंचे म्हणणे असे, की पैसे घालायचेच तर एकदाच मोठे घ्यावे.

ताट हा शब्द मला आवडला, कारण तो बराचसा खरा आहे. शिवाय तिकडून आणलेली वस्तू पसंत पडली नाही तर इकडच्या दुकानात बदलून मिळत नाही. म्हणून हा विचार विकत घेण्याआधी करायला हवा.

जाहिरातीत टॅबचे वजन दिलेले असते आणि ते वाचून सगळ्यांना वाटते, यात काय जड आहे? २०१५ साली पहिला १२.९ इंची आयपॅड प्रो आला तेव्हा तो ७१३ ग्रॅमचा होता. २०२४ चा १३ इंची आयपॅड प्रो ५७९ ग्रॅमवर आला आहे आणि जाडी फक्त ५.१ मिलिमीटर. सॅमसंगचा २०२२ चा गॅलेक्सी टॅब एस ८ अल्ट्रा १४.६ इंचांचा, तो ७२६ ग्रॅमचा. ११ इंची टॅब, म्हणजे शाओमी पॅड ६ किंवा गॅलेक्सी टॅब ए ९ प्लस यांसारखे, पाचशे ग्रॅमच्या आत राहतात. म्हणजे मोठ्या आणि मध्यम टॅबमध्ये फरक शंभर ते अडीचशे ग्रॅमचा. ज्या मुलीच्या पाठीवर आज चार पुस्तके आणि पाण्याची बाटली आहे तिला हे ओझे जाणवणारही नाही.

पण टॅब उघडा कुणी नेत नाही. त्याला जाड कव्हर येते, काच फुटू नये म्हणून. मग कुणीतरी सांगते की कीबोर्ड लावला की लॅपटॉपच झाला. इथे हिशेब बदलतो. २०२० च्या १२.९ इंची आयपॅड प्रोला कंपनीचाच मॅजिक कीबोर्ड जोडला, तर दोन्ही मिळून साडेतेराशे ग्रॅमच्या आसपास भरायचे. त्याच कंपनीचा त्याच वर्षीचा मॅकबुक एअर हा पुरा लॅपटॉप १.२९ किलोचा होता! टॅब हलका म्हणून घ्यायचा आणि लॅपटॉपपेक्षा जड करून फिरवायचा, यात मला तरी शहाणपण दिसत नाही. ज्यांना रोज पानेच्या पाने टाइप करायची आहेत त्यांनी सरळ लॅपटॉप घ्यावा. चार्जरचेही तसेच. एस ८ अल्ट्राची बॅटरी ११,२०० एमएएच आहे, म्हणजे साधारण मोबाइलच्या दुप्पट. मोबाइलचा छोटा चार्जर तिला लावला तर भरायला फार वेळ लागतो, म्हणून चांगला जाड चार्जर सोबत लागतो, आणि तो खोक्यात मिळेलच असे नाही.

तरीही माझ्या मते खरा प्रश्न वजनाचा नाहीच. नेणे वेगळे आणि वापरणे वेगळे. मोठा टॅब नेता येतो, पण टेकवायला जागा नसेल तर वापरता येत नाही. अर्धा किलो तांदळाची पिशवी उचलायला काहीच वाटत नाही. तीच पिशवी एका हाताने पुढे धरून दहा मिनिटे उभे राहा, मनगट बोलायला लागेल. मोठ्या टॅबचे वजन हातापासून लांब पसरलेले असते, त्यामुळे तो आहे त्याहून जड लागतो. दोन्ही हातांनी धरला तर पान उलटायला हात उरत नाही. आपल्या घरांत हे कुणाला नव्याने सांगायला नको. मोठी किताब हातात धरून वाचायची नसते, ती टेकवायची असते, रेहल असते ती त्यासाठीच. (टॅब मात्र रेहलवर ठेवू नका, कुणा बुजुर्गाचे मन दुखेल. साधा घडीचा स्टँड बाजारात मिळतो.)

आता त्या मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी मुंब्र्याला चढताना लेडीज डब्यात उभे राहायला मिळाले तरी नशीब. एक हात वर कडीला. त्या अवस्थेत १३ इंची काय, ११ इंचीही बाहेर निघणार नाही, मोबाइलच निघेल. म्हणजे जातानाचा तासभर दोन्ही टॅब सारखेच, बॅगेत बंद. कॉलेजात बेंच आहे, तिथे मोठा टॅब मजेत राहतो. प्रयोगशाळेत ओट्यावर रसायने असतात, तिथे तो काढूच नये. संध्याकाळी परतताना कधी बसायला जागा मिळाली, तर चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, शेजारणींच्या खांद्यांत खांदे अडकलेले असताना, ११ इंची टॅब उभा धरून वाचता येतो. त्याची रुंदी साधारण जाड पुस्तकाएवढी. १३ इंची काढला तर शेजारणीच्या नाकासमोर येतो. घरी आल्यावर बहुतेक मुंबईकर घरांत अभ्यासाचे टेबल नसते. पलंगावर नाहीतर खाली मांडी घालून अभ्यास.

मात्र याच ठिकाणी मोठ्या टॅबच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, जी टेबल-खुर्चीवाल्यांच्या ध्यानात येत नाही. मांडी घालून बसल्यावर लॅपटॉप मांडीवर तापतो आणि कलंडतो. मोठा टॅब पाटीसारखा आडवा ठेवून त्यावर पेनाने लिहिता येते. खाली परीक्षेचे पॅड घेतले की आणखी चांगले. जमिनीवर बसून अभ्यास करणाऱ्या घराला लॅपटॉपपेक्षा टॅब अधिक सोयीचा, असे माझे मत आहे. फक्त पेनाची किंमत धरा. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत पेन खोक्यातच मिळते, आयपॅडचे वेगळे घ्यावे लागते आणि ते स्वस्त नाही.

मग मोठा पडदा कशासाठी घ्यायचा? मुलगी म्हणते, पीडीएफ वाचायला. ते आपण पट्टी घेऊन मोजू. कॉलेजच्या नोट्स ए ४ कागदाच्या असतात, २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ उंच. १३ इंची पडदा साधारण १९.८ बाय २६.४ सेंटिमीटरचा, त्यावर ते पान मूळच्या शंभरातले ८८-८९ एवढे दिसते. ११ इंची टॅबचा लांबट पडदा १४.८ बाय २३.७, त्यावर शंभरातले ७० एवढेच. कागदावर १२ पॉइंटचे अक्षर असेल तर ते साडेआठ पॉइंटचे होते. औषधांची नावे आणि रासायनिक सूत्रांचे खालचे छोटे आकडे त्यात नक्कीच त्रास देतील. मुलीचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे.

पण यावर फुकटचा उपाय आहे. कागदाच्या चारही बाजूंना जो कोरा समास सोडलेला असतो तो वाचायचा नसतो. पीडीएफ वाचायच्या अनेक ॲपमध्ये समास कापून दाखवायची सोय असते. दोन्हीकडे अडीच सेंटिमीटर समास असेल तर मजकूर उरतो १६ सेंटिमीटर रुंद. तो ११ इंची टॅबच्या १४.८ मध्ये बसवला की अक्षर शंभरातले ९२ झाले. १३ इंचीवर पूर्ण पान ठेवल्यापेक्षाही मोठे! आणि टॅब आडवा केला तर समासासकट सगळे पान मूळ छपाईपेक्षा मोठे दिसते, फक्त एका वेळी अर्धेच दिसते, बोटाने सरकवत राहावे लागते. उर्दू नस्तालिकमधल्या पुस्तकांनाही आडवा टॅब बरा. त्या अक्षराचे नुक्ते बारीक, लहान पडद्यावर बे आणि पे यांत गफलत होते.

म्हणजे नुसत्या वाचनासाठी मोठ्याची गरज वाटते तेवढी नाही. मोठ्याचा खरा फायदा दुसरीकडे आहे. दोन गोष्टी शेजारी शेजारी उघडायच्या असतील, डावीकडे पुस्तक आणि उजवीकडे वही, तर १३ इंचीवर प्रत्येकीला १३ बाय २० सेंटिमीटरची जागा मिळते. त्यात लिहिता येते. ११ इंचीवर दोन भाग केले की एकातही धड काही होत नाही. "दोन इंचांनी काय फरक पडतो," असे दुकानदार म्हणेल. मापे गुणून बघा, १३ इंचीचा पडदा ११ इंचीच्या दीडपट भरतो.

घरातल्या वयस्कांसाठी तर मी मोठाच सुचवेन. दादांना अक्षर मोठे करून वर्तमानपत्र वाचायचे असते, नानीला परदेशातल्या नातवंडांचे चेहरे बघायचे असतात. टॅब स्टँडवर उभा, हॉलमधून खोलीत आणि खोलीतून ओट्यावर. एवढ्या प्रवासाला १४ इंचीसुद्धा जड नाही. सोलापूरच्या एका वाचकाने घरी शिकवणी घेण्यासाठी विचारले होते, त्यांनाही मोठाच घ्या असे सांगितले. त्यांचा टॅब एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, मध्ये फक्त स्कूटर.

मोठा घेतलाच तर बॅगेची काळजी घ्यावी लागते. १३ इंची साधारण ए ४ फाइलच्या आकाराचा असल्याने नेहमीच्या कॉलेज बॅगेत बसतो. १४.६ इंची मात्र लांबीला साडेबत्तीस सेंटिमीटरच्या वर जातो, फाइलपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त. बॅगेची चेन लागते का ते आधी पाहावे. पाच मिलिमीटर जाडीची वस्तू गर्दीत दाबली गेली तर वाकू शकते. पडदा पाठीच्या बाजूला, त्याला लागून एक कडक पुठ्ठ्याची वही, आणि डबा कधीही त्याच कप्प्यात नाही. गर्दीत बॅग पुढे घेण्याची मुंबईकर सवय इथेही कामाची आहे, चोरापासूनही आणि दाबापासूनही.

किमतीचा फरक किरकोळ नाही. १३ इंची आयपॅड प्रो २०२४ मध्ये भारतात आला तो १,२९,९०० रुपयांना, पेन आणि कीबोर्ड सोडून. साधा ११ इंची अँड्रॉइड टॅब वीस हजारांच्या आसपास मिळतो. अब्बूंनी परदेशात एकटे राहून साठवलेल्या पैशांतला हा फरक आहे. लाखाची वस्तू गर्दीत न्यायची या धास्तीनेच मुलगी ती घरी ठेवून जाईल आणि गाडीत पुन्हा मोबाइलवरच नोट्स वाचेल, अशी मला भीती वाटते. वस्तू जितकी महाग, तितकी ती कपाटात जास्त राहते.

तेव्हा मुंब्र्याच्या भगिनीला माझे उत्तर असे. लेकीसाठी ११ इंची घ्या, पेन चालणारा घ्या, कीबोर्ड घेऊ नका. ती हॉस्टेलवर राहत असती किंवा लायब्ररीत चार-चार तास बसत असती, तर मीच १३ इंची सांगितला असता. मुलीचा हट्ट कायम असेल तर तिला एक आठवडा बॅगेत पाऊण किलोची ए ४ आकाराची एखादी जाड फाइल न्यायला सांगा, आणि दिवसातून किती वेळा ती उघडायला जागा मिळाली ते रोज रात्री लिहून ठेवू द्या. सहा दिवसांत तिचे तिलाच कळेल, मग भांडण उरणार नाही.

अब्बूंना फोनवर दोन गोष्टी सांगा. दुकानात टॅब टेबलावर ठेवलेला बघू नका, उचलून, उभे राहून, दहा मिनिटे हातात धरून बघा. आणि वॉरंटी भारतात चालेल का हे विचारून बिलावर लिहून घ्या. बिलाचा फोटो त्याच दिवशी घरी पाठवायला सांगा.