मारिया लूझवरची माणसं

मुलांनो, घरात नकाशाचं पुस्तक असेल तर जवळ घ्या. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर मकाव सापडतं का बघा. टीचभर जागा आहे, नीट शोधावं लागेल. आता तिथून पॅसिफिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशापर्यंत बोट न्या. बोटाला दमवणारा प्रवास आहे ना?

१८७२ च्या जुलैत ‘मारिया लूझ’ नावाचं पेरूचं जहाज याच वाटेवर वादळात सापडलं आणि दुरुस्तीसाठी जपानच्या योकोहामा बंदरात आलं. पोटात सव्वादोनशेहून जास्त चिनी माणसं! बंदरात असताना त्यांतल्या एकाने समुद्रात उडी टाकली. पोहत पोहत तो एका इंग्रज लढाऊ जहाजापर्यंत गेला. इंग्रजांनी त्याला जपानी अधिकाऱ्यांकडे दिलं. अधिकाऱ्यांनी ‘याला शिक्षा करू नका’ असं बजावून कप्तानाकडे परत पाठवलं. कप्तान ‘बरं’ म्हणाला आणि जहाजावर नेऊन त्याला भयंकर शिक्षा केली.

कोण होती ही माणसं? कागदोपत्री मजूर, म्हणजे ‘कुली’. आपण स्टेशनवर ऐकतो तोच शब्द. तमिळमध्ये ‘कूली’ म्हणजे मजुरी. पण इथे मजुरी नावापुरतीच, बरं का! आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी आली, तरी गोऱ्या मळेवाल्यांना ऊस आणि कापसाच्या मळ्यांत राबायला माणसं हवीच होती. पेरूच्या चिंचा बेटांवर तर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साचलेले. युरोपातल्या शेतांना ते खत सोन्यासारखं. डोळे-नाक झोंबवणाऱ्या त्या धुरळ्यात दिवसभर खणायचं काम चिनी मजुरांच्या वाट्याला आलं.

स्वखुशीने कोण जाणार? मग कुणाला खोटी आमिषं दाखवली, कुणाला जुगारात कर्जबाजारी केलं, कुणाला सरळ पळवून नेलं. मकाव तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं, आपल्या गोव्यासारखंच. तिथल्या बंद कोठारांत माणसं कोंडून त्यांच्याकडून आठ वर्षांच्या करारावर सह्या घेत. चिनी लोक या धंद्याला ‘डुकराची पिल्लं विकणं’ म्हणत. १८४७ ते १८७४ या काळात क्यूबात सव्वा लाखाच्या आसपास आणि पेरूत नव्वद हजारांहून जास्त चिनी माणसं अशी नेली गेली. वाटेत जहाजावरच मेलेले वेगळे.

योकोहामात खटला उभा राहिला. न्यायाधीश होते ओए ताकू. कप्तानाची बाजू एकच : यांनी करार केलाय, तो पाळायलाच हवा. त्याच्या वकिलाने तर जपानलाच टोला हाणला. तुमच्याकडेही गरीब घरच्या मुलींना करार करूनच बांधून ठेवतात की! टोला कप्तानाला वाचवण्यासाठी होता, पण खोटा नव्हता. निकाल लागला, सगळे चिनी सुटले आणि मायदेशी गेले. आणि त्याच वर्षी जपान सरकारने त्या मुलींनाही मोकळं करण्याचा हुकूम काढला! पेरूने तक्रार केली, पण लवाद नेमलेल्या रशियाच्या झारनेही १८७५ मध्ये जपानच्याच बाजूने कौल दिला.

पेरूतल्या मजुरांचं काय? पेरूचा प्रतिनिधी चीनला आणखी मजूर मागत होता आणि ते आमच्याकडे अगदी सुखात आहेत म्हणून सांगत होता. चीनचे एक अधिकारी युंग विंग यांना ते पटेना. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकलेल्या युंग विंग यांनी १८५५ मध्ये मकावला वेण्या एकमेकींना बांधून हाकत नेलेले मजूर स्वतः पाहिले होते. ते पेरूला गेले, चौकशी केली आणि मजुरांच्या पाठींचे फोटो काढून घेतले. चाबकाच्या वळांचे दोन डझन फोटो! ते समोर ठेवल्यावर पेरूच्या प्रतिनिधीला बोलताच येईना, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय.

१८७४ मध्ये मकावचा धंदा बंद झाला. आधीच पेरूत पोचलेल्यांची आठ वर्षं मात्र चालूच राहिली, आणि आठ संपली की ‘तुझ्याकडे अजून पैसे निघतात’ म्हणून कित्येक मालक ती वाढवत राहिले.