हक्काचा दवाखाना

आजाऱ्याची इयादत करणे हा मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क आहे, हे आपल्या घराघरांत लहानपणापासून शिकवले जाते. कुणी आजारी पडले की आपण फळे घेऊन जातो, दुआ करतो. पण त्याला गावच्या आरोग्य केंद्रात औषध मिळाले का, हे विचारायला केंद्रात मात्र कुणी जात नाही.

सरकारी दवाखान्याची तक्रार आपण चहाच्या टपरीवर करतो, तक्रारपेटीत टाकत नाही. मग खासगी दवाखाना गाठतो आणि बाळंतपणासाठी घरातल्या बायकांचे दागिने गहाण पडतात. वास्तविक सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधे, तपासण्या, जेवण व ने-आण यांसह २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारच निःशुल्क झाले.

मोफत म्हणजे कसेही चालेल, असे नव्हे. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व उस्मानाबाद या जिल्ह्यांत २००७ साली लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच आपल्या केंद्राचे प्रगतिपत्रक भरले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवले. विचारणारे लोक आहेत म्हटल्यावर अनेक ठिकाणी कारभार सुधारला.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. पडदे, पिण्याचे पाणी, किरकोळ दुरुस्ती अशा कामांसाठी तिच्याकडे निधी येतो. तपासणीच्या खोलीला पडदा नाही म्हणून आपल्या किती बहिणी दुखणे अंगावर काढतात! हा प्रश्न त्या समितीपुढे कुणी मांडला का?

मात्र विचारणे म्हणजे नर्सताईंच्या अंगावर धावून जाणे नव्हे. रिकाम्या जागांमुळे एकेक कर्मचारी दोघांचे काम ओढतो, हेही आपण ध्यानात ठेवू.

आमचे सांगणे एवढेच : येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर जमातीने हा विषय काढावा. दोन जाणत्या बहिणी व एक भाऊ नेमावेत. त्यांनी महिन्यातून एकदा केंद्रात जावे, औषधे आहेत का, पडदा-पाणी आहे का, डॉक्टर कोणत्या वेळी भेटतात हे पाहावे, उणीव लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. गावातील इतर समाजाच्या लोकांनाही सोबत घ्यावे. दुखण्याला जात-धर्म नसतो. हीसुद्धा इयादतच आहे.