मोजे घातले नव्हते, म्हणून कंपनी सुटली?

वांग्यावर पांढरी माशी दिसायला लागली, म्हणजे आता पंप बाहेर निघणार. त्याआधी एक बोलून घेतो.

फवारताना विषबाधा झाली आणि माणूस भरपाई मागायला गेला, की कंपनीकडून ठरलेलं उत्तर येतं : औषधात दोष नाही, वापरणाऱ्याची चूक. मोजे नाहीत, मास्क नाही, वाऱ्याच्या विरुद्ध फवारलं, दोन औषधं एकत्र केली. २०१७ ला यवतमाळात फवारणीने वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली, तेव्हाही हेच ऐकलं. त्यातल्या दोन मृतांच्या बायका आणि एक वाचलेला शेतकरी यांनी २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडमध्ये, बासेलला सिंजेंटाविरुद्ध दाद मागितली. कंपनीचं म्हणणं, आमच्या 'पोलो'मुळे हे झालंच नाही.

वकील लावायचा हक्क कंपनीला आहे, ना नाही. मोजे-मास्कही घालायलाच पाहिजेत. पण ऑक्टोबरात पनवेल-उरणच्या दमट उन्हात अंगभर प्लास्टिकचा सूट घालून, भरलेला पंप पाठीवर घेऊन अर्धा तास काढून दाखवा! हे कंपनीला माहीत नाही? तिचेच प्रतिनिधी बांधावर येतात, हाफ पँटवर फवारणारा गडी बघतात. माहीत असून त्याच हवेत विकायचं, आणि कोर्टात तेच त्याच्यावर उलटवायचं?

यात आपली मान कशी अडकते तेही बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ८७. मालकाने कामासाठी वस्तू घेतली आणि कंपनीने मालकाला सूचना दिलेल्या असल्या, तर 'पुरेसा इशारा दिला नाही' म्हणून कंपनीला धरता येत नाही. वाचताना कारखान्याचा मालक डोळ्यासमोर येतो. पण रोजाने गडी लावणारे तुम्ही-आम्हीही मालकच की! मुंगीएवढ्या अक्षरांचं पत्रक म्हणजे सूचना, असं वकील म्हणणारच. कंपनी मोकळी, गड्याचा दवाखाना आपल्या गळ्यात. या कलमातून शेतमजूर वगळा, ही मागणी एकाही पक्षाच्या तोंडून मी ऐकलेली नाही.

दुसरा सवाल असतो, बाटली आमचीच कशावरून? इथे आपण हमखास हरतो. पक्कं बिल घ्या, बॅच नंबरसकट. तीन-चार औषधं एका पंपात ढवळू नका. कुणाला मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बाटली फेकू नका, दवाखान्यात सोबत न्या आणि डॉक्टरांना औषधाचं नाव केसपेपरवर लिहायला सांगा. दुकानदार पक्कं बिल देत नसेल तर दुसरं दुकान बघा.