सोवळ्यातली सुप्रा

गाडीवेड्यांइतकी कर्मठ जमात जगात दुसरी नसेल. आमच्या धंद्यात व्हीआय चांगला की ईमॅक्स यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं चालू आहेत, पण तिथे निदान कोणी दुसऱ्याचा एडिटर विटाळला म्हणून आंघोळ करत नाही. टोयोटाच्या सुप्राच्या बाबतीत मात्र नेमकं हेच झालं. जानेवारी २०१९ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार शोमध्ये पाचव्या पिढीची सुप्रा, म्हणजे ए-९०, पडद्याबाहेर आली. जुनी बंद पडली २००२ मध्ये. मधली सतरा वर्षं 'सुप्रा परत आणा' म्हणून टाहो फोडणाऱ्या मंडळींनी पहिलं काम काय केलं, तर बॉनेट उघडून इंजिनाचं गोत्र विचारलं. गोत्र निघालं बीएमडब्ल्यू. झालं! गाडी बाटली.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ए-९० मधलं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन (बी-५८) बीएमडब्ल्यूचं. सांगाडा बीएमडब्ल्यूच्या झेड-४ बरोबर सामायिक. आत बसलात तर स्क्रीन आणि ती गोल फिरवायची खुंटीसुद्धा ओळखीची, कारण तीही तिकडचीच. आणि दोन्ही गाड्या बांधायच्या ठरल्या ऑस्ट्रियात, ग्राझ शहरातल्या मॅग्ना श्टायरच्या कारखान्यात. म्हणजे जपानी नाव, जर्मन हृदय आणि ऑस्ट्रियन जन्मदाखला. यावर जगभरातल्या भक्तांचा निकाल एका ओळीचा होता: ही सुप्रा नव्हेच, ही तर टोयोटाचा बिल्ला लावलेली झेड-४.

माझं म्हणणं असं आहे की हा आक्षेप निव्वळ सोवळेपणा आहे, आणि तोही खोट्या सोवळ्याचा. कारण ज्या देवाच्या नावाने हे सगळं चाललंय तो देवही कधी सोवळ्यात नव्हता.

१९९३ ची ए-८० घ्या. चौथी पिढी, मागे तो भलाथोरला पंख, जिची चित्रं आपल्या हॉस्टेलच्या भिंतींवर होती ती. तिचं टू-जे-झेड-जीटीई इंजिन म्हणजे या पंथाचा गाभारा. हे इंजिन सुप्रासाठी राखून ठेवलेलं होतं का? नाही. १९९१ मध्ये ते आधी टोयोटाच्या अ‍ॅरिस्टो नावाच्या चार दरवाज्यांच्या सेडानमध्ये बसलं होतं, साहेबलोकांनी ऑफिसला जायच्या गाडीत! ए-८० चा सांगाडा टोयोटाच्याच सोअरर या ऐसपैस कूपेवरून कापून आखूड केलेला. आणि तो सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, ज्याच्यासाठी लोक आज किडनी विकायला तयार होतील, तो व्ही-१६०? तो गेट्रागचा. गेट्राग ही जर्मन कंपनी. म्हणजे जर्मन दाते त्या देवळात पंचवीस-तीस वर्षांपासून बसलेले आहेत, फक्त पुजाऱ्यांनी पाटी वाचली नाही.

आणखी मागे जा. १९७८ ची पहिली सुप्रा म्हणजे नाक लांब करून सहा सिलिंडरचं इंजिन कोंबलेली सेलिका. जपानात तिचं नावच सेलिका डबल-एक्स. त्याच्याही आधी १९६७ ची २०००जीटी, जिला सगळ्या टोयोटांची आजी मानतात, ती यामाहाबरोबर केलेली आणि यामाहाने बांधलेली. २०१२ ची ८६ तर उघडउघड सुबारूच्या बॉक्सर इंजिनावर आणि सुबारूच्या कारखान्यात. तिचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा, म्हणजे पुढे ए-९० करणारेच गृहस्थ. थोडक्यात काय, टोयोटाने स्पोर्ट्स कार केली की शेजारी कोणीतरी असतोच. ही त्या घराची रीतच आहे.

आता जरा आपल्या घरात डोकावू. आपण ज्याला 'माझं सॉफ्टवेअर' म्हणतो त्यात आपण लिहिलेल्या ओळी किती असतात हो? खाली लिनक्स दुसऱ्याचं, डेटाबेस दुसऱ्याचा. उद्या टीममधला नवीन पोरगा 'एनक्रिप्शनची लायब्ररी मी स्वतः लिहितो' म्हणाला तर आपण त्याला खाली टपरीवर नेऊन, कटिंग पाजून, प्रेमाने समजावतो की बाबा रे, असं करायचं नसतं. मग तोच न्याय इंजिनाला का नाही? सोमवार ते शुक्रवार दुसऱ्याचा कोड जोडून पगार घ्यायचा आणि शनिवारी टोयोटाला शुद्धतेवर प्रवचन द्यायचं, हे काही झेपत नाही.

बरं, बीएमडब्ल्यूच का, तर भक्तांचीच अट होती की सुप्रा म्हणजे सरळ रेषेत सहा सिलिंडर. अट चुकीची नाही. या रचनेत पिस्टनांच्या हालचाली एकमेकींचे धक्के जवळपास संपूर्ण खाऊन टाकतात, म्हणून ते इंजिन लोण्यासारखं फिरतं. पण ते लांबलचक असतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आडवं बसवायचं म्हटलं तर मुश्कील, म्हणून बहुतेक कंपन्यांनी व्ही-सिक्सचा रस्ता धरला. टोयोटानेही टू-जे-झेडच्या घराण्याला कधीच निरोप दिला होता. हट्टाने सरळ सहा बनवत राहिली ती बीएमडब्ल्यू. मग एका कमी खपाच्या गाडीसाठी कोऱ्या कागदावरून नवीन इंजिन काढायचं, आणि मग किंमत ऐकून याच मंडळींनी पुन्हा बोंब मारायची? २०१९ मध्ये अमेरिकेत नवी सुप्रा पन्नास हजार डॉलरला दहा कमी, अशी सुरू झाली. १९९३ ची टर्बो चाळीस हजारांच्या आसपास होती, म्हणजे महागाई धरली तर २०१९ चे सत्तरएक हजार. गोत्र मोडून वीस हजार वाचले.

आणि टोयोटाने नुसता बिल्ला चिकटवला हेही खरं नाही. सुरुवातीला मोजमापं ठरल्यावर दोन्ही कंपन्यांच्या टीम वेगळ्या झाल्या आणि आपापली गाडी करत बसल्या. व्हीलबेस २४७० मिलिमीटर, म्हणजे टोयोटाच्या छोट्या ८६ पेक्षाही १०० ने कमी. दोन्ही बाजूंच्या चाकांतली रुंदी आणि व्हीलबेस यांचं गुणोत्तर १.५५ च्या जवळ ठेवायचं हा तादांचा हट्ट होता. गाडी चटकन वळावी म्हणून. आखूड, रुंद, छत असलेली, ताठ. झेड-४ आहे उघड्या टपाची, समुद्रकिनाऱ्याने निवांत फिरायची. दोघींची हाडं एक असतील, चाल एक नाही.

आणखी एक तक्रार होती आकड्यांची. अमेरिकेतली ए-८० होती ३२० हॉर्सपॉवरची, नवी आली ३३५ घेऊन. सव्वीस वर्षांत फक्त पंधरा? पण शून्य ते साठ मैलाला टोयोटाने सांगितलेली वेळ ४.१ सेकंद, तिथे ए-८० मागेच राहते. पुढे २०२१ च्या मॉडेलला ३८२ हॉर्सपॉवर मिळाली तेव्हा आधी घेणारे चिडले, तो राग मात्र मला समजतो. आणि ट्यूनर मंडळींचं म्हणाल तर त्यांनी गोत्र वगैरे विचारलंच नाही. त्यांनी बी-५८ उघडलं, ब्लॉक दणकट आहे हे पाहिलं आणि पिळून पिळून हजार हॉर्सपॉवरच्या पलीकडे नेलं. ज्यांचे हात ग्रीसने काळे असतात त्यांना सोवळं परवडत नाही.

आता जरा कडू बोलतो. जुन्या सुप्रावर एवढं प्रेम होतं तर ती बंद का पडली? अमेरिकेत ती १९९८ मध्येच गुंडाळली, कारण घ्यायला कोणी येत नव्हतं. जपानात २००२ मध्ये प्रदूषणाचे कडक नियम आले आणि सुप्रा, स्कायलाइन जीटी-आर, आरएक्स-७, सिल्व्हिया सगळ्या एकाच वर्षी गेल्या. प्रेम उफाळून आलं ते २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्यूरियस' नंतर. त्या सिनेमातली नारिंगी सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरला लिलावात गेली. शोरूममध्ये होती तेव्हा पाठ आणि मेल्यावर समाधीला सोन्याचा कळस! आपल्याकडे तर टोयोटाने ना जुनी सुप्रा अधिकृतपणे विकली, ना नवी. आपली सुप्रा म्हणजे नीड फॉर स्पीडमधली, कीबोर्डच्या बाणांवर चालणारी. तिची स्टीअरिंग आजच्यापेक्षा जिवंत होती असं ठासून सांगणारे मला पुण्यात भेटलेत. त्यांना मी काय बोलणार.

भक्तांचं सगळं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हेही बघायला मिळालं. निस्सानने २०२१ मध्ये नवीन झेड दाखवली. घरचंच इंजिन, चारशे हॉर्सपॉवर, पहिल्या दिवसापासून मॅन्युअल, दिसायला आजोबांसारखी. मागितलं ते सगळं. लोक म्हणाले, सांगाडा जुन्या ३७०-झेडचाच आहे हो. म्हणजे टोयोटाने दुसऱ्याचा नवा घेतला तर विटाळ, निस्सानने स्वतःचा जुना घेतला तर शिळं!

याचा अर्थ ए-९० निर्दोष आहे असं नाही, आणि मला राग येतो तो याचाच. गोत्राच्या आरडाओरड्यात खरे दोष बुडून गेले. दारावर, बॉनेटवर, दिव्यांच्या कडेला त्या ज्या हवेच्या फटी दिसतात त्यातल्या बऱ्याच खोट्या आहेत, प्लॅस्टिकने बुजवलेल्या. रेसिंगवाल्यांना त्या उघडता येतील असा खुलासा कंपनीने केला होता. अहो, पण सिग्नलला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने त्या बुजलेल्या फटींकडे बघत बसायचं का? पन्नास हजार डॉलर घेऊन कागदी फुलं विकायची नसतात. आणि पहिली तीन वर्षं मॅन्युअल नव्हता, फक्त आठ गिअरचा ऑटोमॅटिक. ही तक्रार शंभर टक्के रास्त. तिच्यात जात-गोत काही नव्हतं, डाव्या पायाला काम हवं एवढीच साधी मागणी होती. मजा म्हणजे नेमकी तीच कंपनीने ऐकली. एप्रिल २०२२ मध्ये सहा गिअरचा मॅन्युअल जाहीर झाला, तीन पेडलं आली. पुढे २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूनेही सहा सिलिंडरच्या झेड-४ ला मॅन्युअल दिला, म्हणजे सुप्रावाल्यांच्या भांडणाचा प्रसाद जर्मनांच्या ताटातही पडला.

पण तोवर वेळ निघून चालली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये टोयोटाने ए-९० ची शेवटची आवृत्ती जाहीर केली: फक्त तीनशे गाड्या, युरोप आणि जपानपुरत्या, ४३५ हॉर्सपॉवर, फक्त मॅन्युअल. त्याबरोबरच या पिढीचं उत्पादन २०२६ मध्ये थांबवायचं सांगून टाकलं. त्या तीनशेंवर मात्र लोकांच्या उड्या. इंजिन तेच बी-५८, कारखाना तोच ग्राझचा, आणि आत ती गोल खुंटी जिथल्या तिथे. गोत्र विचारणारे कुठे दिसले नाहीत.