व्हिडिओला कुलूप, यादी मात्र उघड्यावर

ऑनलाइन कोर्स विकायला काढला की पहिला फोन गिऱ्हाइकाचा येत नाही, सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा येतो. मी मालवणात राहते आणि मालवणी जेवण शिकवते. मसाल्याच्या मिरच्या कुठल्या घ्यायच्या इथपासून तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यापर्यंत सगळं रेकॉर्ड केलेलं आहे, आणि रविवारी सकाळी प्रत्यक्ष ऑनलाइन वर्ग असतो. शिकणारे बहुतेक भांडुप, डोंबिवली, विरारचे, थोडे दुबई-मस्कतकडचे. फोनवरच्या पोरांचं बोलणं मात्र एकाच भीतीभोवती फिरतं. ‘मॅडम, तुमचा कंटेंट चोरीला जाईल.’ मग वर्षाचं पॅकेज येतं, तुमच्या नावाचं अ‍ॅप येतं, आणि स्क्रीन रेकॉर्ड केली तर काळी पडेल असा प्लेअर येतो.

चोरी होते, हे मी नाकारत नाही. शेजारणीने एकदा भर बाजारात गाठून सांगितलं, ‘बाये, तुझो व्हिडिओ माका भाचयेन पाठवल्यान. सोलकढी बरी झाली गो!’ यावर काय बोलायचं असतं? मी हसले आणि कोळंबीचा भाव विचारला.

पण या भीतीचा खरा आकार बघायचा तर दिल्लीचं प्रकरण बघावं. स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेणाऱ्या नीतू सिंग यांची व्याख्यानं आणि पुस्तकं टेलिग्रामवर सर्रास फिरत होती. एक चॅनल बंद केला की दुसरा उघडायचा. त्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. प्रतिभा सिंह यांनी 30 ऑगस्ट 2022 रोजी टेलिग्रामला आदेश दिला, की हे चॅनल चालवणाऱ्यांचे फोन नंबर, आयपी पत्ते, ईमेल सादर करा. आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, ही सबब न्यायालयाने ऐकली नाही. निकाल महत्त्वाचाच. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा अशा कामाला संरक्षण देतो, त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही, हे कोर्स विकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं. पण त्या बाईंकडे वकील होते, मोठी संस्था होती, आणि चोरांचा बाजारही तेवढाच मोठा होता. माझ्यासारखीचं काय जाणार? तिखल्याच्या कृतीवर तर माझी मालकी नाहीच, ती कुणाचीच नाही. माझा हक्क माझ्या व्हिडिओवर आणि मी लिहिलेल्या टिपणांवर, एवढाच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आमच्यासारख्या लहान विक्रेत्यांनी व्हिडिओच्या कुलपावर पैसे घालवू नयेत. कुलपाचा त्रास चोराला कमी आणि पैसे भरलेल्या माणसाला जास्त होतो. स्क्रीन काळी पडणारा प्लेअर आला, तर चोर दुसरा मोबाइल समोर धरून चित्रीकरण करतो. तिकडे कणकवलीच्या आत कुठल्या तरी वाडीत नेटवर्कची एकच दांडी पकडून बसलेली सून मात्र त्या प्लेअरच्या गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत राहते, आणि चुलीवरचं खोबऱ्याचं वाटप करपतं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा इथे कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा जिल्ह्यात बसून ‘फक्त ऑनलाइन बघा’ म्हणणं मला पटत नाही. माझे व्हिडिओ उतरवून घेता येतात. टिपणांच्या पीडीएफवर घेणाऱ्याचं नाव आणि नंबर छापून जातो, तेवढी लाज पुरते. माझा भाचा म्हणतो, आत्ये, हा वेडेपणा आहे. तो पुण्यात आयटीत आहे, त्याच्याकडे नेट कधी जात नाही.

खरी राखण लागते ती दोन ठिकाणी: शिकणाऱ्यांच्या यादीला आणि पैशाच्या वाटेला.

यादीचं आधी सांगते. कोकणात खोती होती. कूळ राबायचं, पीक काढायचं, पण हिशेब खोताच्या वहीत. ती पद्धत मोडायला 1949 चा कायदा लागला. आज कोर्स विकण्याच्या मोठ्या बाजारांत नेमकी तीच वही परक्याच्या हातात असते. युडेमीचं उदाहरण घ्या. त्यांच्या शोधातून आलेल्या विद्यार्थ्याने कोर्स घेतला तर शिक्षकाला 37 टक्के मिळतात, आणि शिक्षकाने स्वतःच्या दुव्यावरून आणलेल्या विद्यार्थ्याचे 97 टक्के. म्हणजे गिऱ्हाईक कुणाचं, यावर सगळी वाटणी. हे निदान उघड आकड्यांत सांगितलेलं तरी आहे. माझं पहिलं दुकान दुसऱ्याच एका कंपनीकडे होतं. तिथून निघताना व्हिडिओ परत मिळाले, पैसेही मिळाले. मिळाले नाहीत ते कोर्स घेतलेल्या माणसांचे नंबर. ज्यांना मी नावानिशी ओळखत होते, ज्यांच्या घरचं वाटप किती लाल होतं हेसुद्धा सांगू शकत होते, त्यांना ‘मी आता इकडे आहे’ एवढं कळवायची सोय नव्हती. तेव्हापासून साधन निवडताना माझा प्रश्न एकच असतो: विद्यार्थ्यांची पूर्ण यादी, नंबर आणि ईमेलसकट, मला हवी तेव्हा एक्सेलमध्ये उतरवून घेता येईल का? या प्रश्नावर बहुतेक पोरं ‘विचारून कळवतो’ म्हणतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सगळा धंदा उभारणाऱ्यांनाही हेच लागू. ग्रुपमध्ये 1024 माणसं मावतात म्हणून खूश होऊ नका. खातं एकदा बंद पडलं की ती माणसं कुठे शोधणार? वेगळी वही ठेवा, कागदाची ठेवली तरी चालेल.

आता पैसा. सरळ बँक खात्यात यूपीआयने पैसे घेणं फुकट आहे, 2020 पासून त्यावर व्यापाऱ्याला शुल्क नाही. पेमेंट गेटवे लावला तर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी जातो. मी तो आनंदाने देते, कारण फुकटच्या वाटेवर स्क्रीनशॉट येतात. ‘पैसे पाठवले, हा बघा फोटो.’ फोटो खरा दिसतो, खात्यात मात्र काही नसतं. रात्री साडेअकराला बँकेचा मेसेज तपासत बसण्यापेक्षा पैसे जमा झाल्यावर आपोआप दार उघडणारी व्यवस्था बरी. पैसे दिसल्याशिवाय लिंक नाही, मग समोरचा सख्खा मावसभाऊ असो. आखातातल्यांसाठी 2023 पासून एक सोय झाली आहे. अमिराती, ओमान, कतार धरून काही देशांतल्या मोबाइल नंबरांवर अनिवासी भारतीयांचं एनआरई किंवा एनआरओ खातं जोडून यूपीआय चालतं. तिकडच्या पुष्कळांना हे माहीतच नसतं, त्यांना आपणच सांगायचं. आणि जीएसटीच्या नावाने घाबरवणारे भेटतात म्हणून सांगते, सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. परदेशातून पैसे येत असतील तर मात्र सीएला एकदा विचारून घ्यावं.

परताव्याचा नियम विकत घेण्याआधीच लिहून ठेवलेला असावा, तोही मराठीत. आमच्याकडची माणसं पैसे परत मागायला लाजतात आणि मग चारचौघांत नाव घेतात. त्यापेक्षा सात दिवसांत मागा, मिळतील, असं लिहिलेलं बरं. मागणारे फार थोडे निघतात.

राहता राहिला तो रविवारचा वर्ग. त्यात मी नवीन काहीच शिकवत नाही. बायका, आणि हल्ली बरेच पुरुष, कॅमेऱ्यासमोर आपापलं वाटप भाजतात आणि मी सांगते, अजून एक मिनिट, किंवा, आता उतरवा नाहीतर कडू होईल. खोबऱ्याचा तो रंग व्हिडिओत मी चार वेळा दाखवलाय, तरी स्वतःच्या कढईत तो ओळखता येत नाही. लोक दुसऱ्या वर्षी पैसे भरतात ते यासाठी. शेजारणीच्या भाचीने हा भाग कुणाला पाठवावा म्हटलं तरी पाठवता येणार नाही. नाव-नंबर छापलेलं टिपण हातात असूनही ती यंदा स्वतः रीतसर पैसे भरून वर्गात बसली आहे, आणि मावशीपेक्षा तिचा हात चांगला आहे.

1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, त्यामुळे सुक्या मासळीचा भाग जूनच्या पहिल्या रविवारी सुरू करते आहे. सुकट, गोलमा, सुका बांगडा. भाच्याने पुन्हा एकदा कुलपाचं कोटेशन पाठवलंय. व्हिडिओ उतरवून घ्यायची सोय मी याही भागाला ठेवली आहे.