थंड, पण शिळे नव्हे

उन्हाळ्यात पुण्याचा सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. पेढीवरचा हिशेब तोवर आटोपतोच असे नाही. म्हणून चौविहार पाळणाऱ्या अनेक घरांतून दिवस मावळण्यापूर्वी डबा पेढीवर जातो. तेथे गरम करण्याची सोय नसेल, तर थंडच रुचणारा पदार्थ हवा. थंड नूडल्स हा तसा पदार्थ आहे.

मूळचा हा प्रकार चीनमधील सिच्वान प्रांताचा. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधून तो अमेरिकेत लोकप्रिय झाला. त्याचे श्रेय शॉर्टी तांग या आचाऱ्यास देतात. तेथील कृतीत लसूण व आले असते, म्हणजे आपल्याला वर्ज्य कंदमूळ. आंबवून केलेले सोया सॉस आणि व्हिनेगरही अनेक घरांत चालत नाहीत. त्यात वाटलेले तीळ. पण अनेक श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत तीळ वर्ज्य. मग उरते काय? पुष्कळ उरते. अमेरिकेतही कित्येक जण तिळाऐवजी शेंगदाण्याचे वाटणच वापरतात.

साहित्य (तिघांसाठी): अंडेविरहित गव्हाच्या सुक्या नूडल्स २०० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे अर्धी वाटी, लिंबाचा रस २ चमचे, चिरलेला गूळ १ चमचा, लाल तिखट अर्धा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ, सैंधव, शेंगदाणा तेल ३ चमचे, हिंग, काकडी.

पाकिटावरील हिरवे चिन्ह पाहावेच. शिवाय घटकांची यादीही वाचावी. हिरवे चिन्ह असलेल्या मसाल्याच्या पुडीतही कांदा-लसणाची भुकटी असू शकते.

कृती: दाणे कोमट असतानाच वाटावेत, म्हणजे तेल सुटून वाटण मऊ होते. त्यात गूळ, लिंबू, मीठ, जिरे व सुंठ घालून उकळून गार केलेले पाणी चमच्याचमच्याने मिसळावे. वाटण आधी घट्ट होते, मग सैल पडते. घाबरून एकदम पाणी ओतू नये. दोन चमचे तेल तापवून विस्तवावरून उतरवावे व त्यात हिंग आणि तिखट घालून ते वाटणावर ओतावे.

नूडल्स किंचित करकरीत असतानाच उपसाव्यात. बर्फ आपल्याकडे अभक्ष्य. त्याची येथे गरजही नाही. सिच्वानमध्येही नूडल्स तेल चोळून वाऱ्यावरच निववतात. परातीत पसरून उरलेले चमचाभर तेल लावावे आणि पंख्याखाली ठेवावे. डब्यात वाटण वेगळे द्यावे; खाताना कालवून वर काकडीचे काप घ्यावेत. पर्वतिथीस हिरवे वर्ज्य असल्यास काकडी गाळावी व लिंबाऐवजी आमचूर घ्यावे.

मात्र उरलेल्या नूडल्स फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाऊ नयेत. पाण्याचा अंश असलेले शिजवलेले अन्न रात्र उलटली की वासी होते. फ्रीजच्या थंडीने हा नियम बदलत नाही. दाणे भाजून ठेवावेत, पण नूडल्स त्या दिवशीच्या माणसांपुरत्याच शिजवाव्यात.